डॉलरला किती घोडे

मागच्या ईस्टरपर्यंत वेंडेल क्लिंगरला मूर्ख म्हणेल असा माणूस हार्लन क्रीकमध्ये शोधून सापडला नसता. कंटाळवाणा म्हणणारे पुष्कळ होते, पण ते वेगळं. गावच्या जमीन-वापर खात्यात तो वर्षानुवर्षं इमानेइतबारे नोकरी करत होता. कुणाचं कुंपण चार बोटं जास्त उंच झालंय, कुणी परवानगीवाचून कोंबड्या पाळल्यात, यावर त्याची करडी नजर असे. साधा टोस्टर घ्यायचा तरी तो तीन दुकानं फिरे, मासिकातलं परीक्षण वाचे आणि सवलतीचं कूपन येईपर्यंत न भाजलेला पाव खाई. असा माणूस सहसा वेडेपणा करत नाही. पण करायला घेतला की तोही तितक्याच पद्धतशीरपणे करतो, हे गावाला ऑगस्टपर्यंत कळायचं होतं.

सुरुवात सासूबाईंनी केली. लव्हर्न ड्रेक्सलर, वय एक्क्याऐंशी, सन एकोणीसशे एकसष्टची मका-राणी. हार्लन क्रीकमध्ये दर ऑगस्टला कणसांचा उत्सव असतो, त्यात एक राणी निवडतात, आणि एकदा राणी झालेली बाई मरेपर्यंत राणीच राहते. दरवर्षीच्या मिरवणुकीत सगळ्या माजी राण्या उघड्या टपाच्या गाड्यांच्या मागच्या सीटच्या पाठीवर चढून बसतात आणि लोकांकडे बघून हात हलवतात. लव्हर्नबाई कित्येक वर्षं आपल्या मुलाच्या, ड्यूईच्या गाडीतून हात हलवत होत्या. ड्यूईचा घरोघरी एसी बसवून देण्याचा धंदा जोरात होता आणि तो दर दोन वर्षांनी नवी लाल गाडी घेई. या सोहळ्यात जावयाचं काम म्हणजे फुटपाथवर घडीच्या खुर्च्या मांडून जागा धरणं आणि बर्फाच्या पेटीवर लक्ष ठेवणं. वेंडेल ते काम चोख करी आणि त्याबद्दल त्याला कुणी कधी काही म्हणत नसे.

तर ईस्टरच्या जेवणाला, हॅमची ताटं फिरत असताना, लव्हर्नबाई म्हणाल्या, "यंदा मी वेंडेलच्या गाडीतून जाणार."

ड्यूईचा काटा तोंडापाशीच थांबला. "कुठली गाडी, आई? ती उघड्या टपाची पांढरी इम्पाला? ती सहासष्ट सालची आहे!"

"मी त्रेचाळीस सालची आहे. तुझ्या गाडीत मला फ्रिजमध्ये ठेवल्यासारखं वाटतं. ती निदान गाडीसारखी दिसते तरी." मग वेंडेलकडे न बघताच त्यांनी पुढे जोडलं, "चालत असेल तर हं."

"टोचन लावायला ट्रक सांगून ठेवू का?" ड्यूईने विचारलं आणि स्वतःच हसला.

लग्नाला एकतीस वर्षं झाली होती. एवढ्या काळात सासूबाईंनी वेंडेलची केलेली सगळ्यात मोठी स्तुती म्हणजे "तो आडवा येत नाही." त्यामुळे वेंडेलला हॅमचा ठसका लागला, त्याच्या बायकोने, नोरीनने, त्याच्या पाठीवर दोन गुद्दे घातले, आणि त्याने डोळ्यांतलं पाणी पुसत सांगितलं की गाडी चालेल, नक्की चालेल, चालेल म्हणजे काय, पळेल.

गाडी त्याच आठवड्यात बंद पडली.

इंजिनाच्या तेलात पाणी उतरत होतं. या इंजिनाला आठ सिलेंडर, चार एका बाजूला, चार दुसऱ्या. दोन्ही बाजूंवर एकेक लोखंडी हेड बसवलेलं, ज्याच्या भोकांतून पेट्रोल-हवा आत येते आणि धूर बाहेर जातो. त्यातल्या एका हेडला तडा गेला होता. मशीन शॉपवाल्याने ते हातात घेऊन उलटसुलट केलं, तड्यावर नखाने टिचकी मारली आणि सांगितलं की हे जुनं बिडाचं लोखंड जोडत बसण्यापेक्षा बाजारात नवी हेडं मिळतात, ती घाल, स्वस्त पडतील.

'स्वस्त' या शब्दाला वेंडेलच्या कानात वेगळीच गोडी होती.

इथे वाचकांना वाटेल की माणूस दुकानात गेला असेल, होतं तसं दुसरं हेड घेतलं असेल आणि गोष्ट संपली असेल. नोरीनलाही असंच वाटलं होतं. "होतं तसलंच नाही का मिळत?" एवढंच तिने विचारलं. वेंडेल तिच्याकडे करुणेने बघून हसला. त्याच्याकडे तोवर चौदा कॅटलॉग जमले होते.

शिवाय सल्लागार होते. हार्लन क्रीकमध्ये शनिवारी सकाळी डोनटच्या दुकानामागे जुन्या गाड्यांचे मालक जमतात. बॉनेटं उघडी टाकतात, गाडीशेजारी घडीची खुर्ची टाकून बसतात, आणि दुसऱ्याच्या इंजिनाकडे दुसऱ्याच्या सुनेकडे बघावं तसं बघतात. या मंडळाचे अध्यक्ष, अर्थात स्वयंघोषित, म्हणजे वेंडेलचा शेजारी बड स्लोकम. टायरच्या कारखान्यातून निवृत्त झालेला, पोट पुढे, टोपी मागे, आणि जगातल्या कुठल्याही प्रश्नाला त्याचं एकच उत्तर: मोठं घे.

"भोकं केवढी आहेत?" बडने कॅटलॉगवर बोट ठेवून विचारलं.

"यात तीन प्रकार आहेत," वेंडेल म्हणाला. "ही साधी, लोखंडी, लहान भोकांची. सगळ्यात स्वस्त. ही नावाजलेली ॲल्युमिनियमची, ही घेतली तर नोरीन मला घराबाहेर काढेल. आणि ही तिसरी, यांचं नाव मी ऐकलेलं नाही, पण ही पण ॲल्युमिनियमची, मोठ्या भोकांची, आणि सध्या सेलमध्ये आहेत."

"लोखंडी?" बडने बाकीच्यांकडे पाहिलं. खुर्च्यांमधून हलकीशी खसखस पिकली. "लोखंडी हेडं तुझ्या आजीच्या गाडीला लाव रे. माणसाच्या छातीला हवा नको का? मोठी भोकं, मोठा श्वास. घे ती तिसरी."

वेंडेल सांगोवांगीवर विश्वास ठेवणारा नव्हता. त्याने इंटरनेटवर गाडीवाल्यांच्या मंचावर एक साधा प्रश्न टाकला, की कमी खर्चात कुठली हेडं चांगली. दुसऱ्या दिवशी त्याला पाच पानं उत्तरं आली होती. पहिल्या पानावर लोकांनी त्याला तेरा उलट प्रश्न विचारले होते, दुसऱ्यावर दोघंजण एकमेकांची अक्कल काढत होते, आणि तिसऱ्यापासून पुढे फक्त इंजिन ऑइलवर भांडण होतं. शेवटी वेंडेलने ठरवलं की हा निर्णय गणितानेच झाला पाहिजे. प्रत्येक जाहिरातीत ते हेड लावल्यावर इंजिनाची ताकद किती घोड्यांची होईल तो आकडा असतोच. किमतीला त्या घोड्यांनी भागलं की एक घोडा केवढ्याला पडतो ते कळतं. या मंडळींमध्ये ही रीतच आहे; घर घेताना जसा चौरस फुटाचा भाव काढतात तसा हे लोक घोड्याचा भाव काढतात. साध्या लोखंडी हेडांचा घोडा महाग पडत होता, कारण मुळात घोडेच कमी. तिसऱ्या हेडांचा घोडा इतका स्वस्त निघाला की वेंडेलने भागाकार पुन्हा करून पाहिला.

ते घोडे इंजिन मिनिटाला पावणेसात हजार फेऱ्या घेईल तेव्हाच मिळतात, हेही जाहिरातीत लिहिलेलं होतं. ते त्याने वाचलं. इतकंच की त्याने ते कौतुकाने वाचलं.

हेडं आली. चकचकीत, प्लास्टिकमध्ये गुंडाळलेली. वेंडेलने ती जेवणाच्या टेबलावर ठेवली आणि नोरीनला दाखवली. नोरीन म्हणाली, "छान आहेत. आता टेबलावरून उचल." इथपर्यंत सगळं ठीक चाललं होतं.

मग असं निघालं की नव्या हेडांत प्लग बसायची जागा वेगळी आहे, त्यामुळे प्लगच्या वायरी धुराच्या नळ्यांना टेकतात आणि वितळतात. म्हणून धुराच्या नळ्या नव्या आल्या. हेडांची भोकं मोठी, म्हणून त्यांवर बसणारा हवेचा मार्ग मोठा आला. तो मोठा, म्हणून कार्ब्युरेटर मोठा आला. बड म्हणाला की एवढं सगळं करून आतला, झडपा उघडणारा कॅमशाफ्ट जुनाच ठेवणं म्हणजे घोड्यांना उपाशी मारणं आहे, म्हणून कॅमशाफ्टही आला. आता तुम्ही म्हणाल की एवढा खर्च होताना वेंडेलसारख्या माणसाचा हात कसा थरथरला नाही. थरथरला ना! प्रत्येक वेळी त्याने भागाकार पुन्हा मांडला, आणि प्रत्येक वेळी दिसलं की घोड्याचा भाव चढलाय. तो खाली आणायचा तर एकच मार्ग होता, घोडे वाढवणं. घोडे वाढवायचे म्हणजे आणखी एक वस्तू घेणं. या हिशेबात कुठेही चूक नव्हती, मी तो तपासून पाहिला आहे.

सगळं चढवल्यावर इंजिन इतकं उंच झालं की बॉनेट लागेना. वेंडेलने ते काढून भिंतीला टेकवून ठेवलं आणि गाडी तशीच, उघड्या आतड्यांची, दारापुढे उभी राहिली.

जूनमधल्या एका मंगळवारी त्याच्या खात्यातली तपासनीस टॅमी रिंकर दारात आली. तिच्या हातात भडक नारिंगी कागद होता.

"वेंडेल, मला फार वाईट वाटतंय हो," ती म्हणाली. "पण तक्रार आली आहे. न चालणारं वाहन, दर्शनी भागात. दहा दिवसांत चालतं करा, किंवा झाकलेल्या जागेत हलवा, नाहीतर गाव उचलून नेईल."

"टॅमी, मीच आहे. मी आहे हा."

"तेच तर. खाली सही तुमचीच आहे."

खरोखर होती. नोटिशीवर त्याची छापील सही होती, आणि कागद नारिंगी असावा म्हणजे शेजाऱ्यापाजाऱ्यांना लांबून दिसतो, ही सूचनाही त्यानेच कधीकाळी केली होती व त्याबद्दल त्याला शाबासकी मिळाली होती. टॅमीने तो कागद काचेवर चिकटवला. समोरच्या घरातला पडदा हलला.

"यावर अपील करता येतं ना?"

"येतं की. तुमच्याकडेच."

वेंडेलने रीतसर मुदतवाढीचा अर्ज लिहिला, सकाळी ऑफिसात नेऊन दिला, दुपारी आपल्या टेबलावर आल्यावर वाचला आणि फेटाळला. 'छंद' हे कारण नियमात बसत नव्हतं. संध्याकाळी तो घरी आला तेव्हा त्याचा स्वतःवर चांगलाच राग होता, पण खात्याची शिस्त मोडली नाही याचं थोडं समाधानही होतं.

गाडी गॅरेजात हलवायची तर गॅरेज रिकामं हवं. अमेरिकेत गॅरेजमध्ये गाडी सोडून सगळं असतं. तिथलं मोठं फ्रीजर स्वयंपाकघरात आलं आणि नाताळची सजावट दिवाणखान्यात. ऐन जुलैत सोफ्यावर प्लास्टिकचा सांताक्लॉज आणि टीव्हीपुढे तीन हरणं. नोरीनने हेही चालवून घेतलं. ती बिचारी एकदाच भडकली, ती ओव्हनवरून. इंजिनावरची पत्र्याची झाकणं वेंडेलने लाल रंगवली होती, आणि तो रंग भाजला की पक्का होतो असं त्याने वाचलं होतं. त्याच ओव्हनमध्ये त्याच संध्याकाळी चर्चच्या सहभोजनाची कॅसरोल, एका भांड्यात भाजून करायचा तो पदार्थ, शिजली. पास्टरसाहेबांनी पहिला घास घेतला, बराच वेळ चावला, आणि विचारलं, "नोरीन, यंदा यात काही नवीन घातलंय का?"

जेवण आटोपून दोघं घरी आली. दाराशी आल्यावर नोरीन म्हणाली, "वेंडेल, आईची मिरवणूक झाली की ही गाडी आणि तू, दोघांपैकी एकाने या घरात राहायचं."

"तुझ्या आईसाठीच करतोय सगळं."

"माझ्या आईने फक्त बसायला जागा मागितली होती रे!"

बडने बॉनेटला करवतीने भोक पाडून त्यावर पत्र्याचं उंच नाकाड बसवून दिलं, आणि जुलैअखेरीस इंजिन सुरू झालं. तो सोहळा बघायला शनिवारची सगळी खुर्चीमंडळी आली होती. इंजिनाने आधी एक शिंक दिली, मग दुसरी, आणि मग जो आवाज निघाला त्याने समोरच्या घरातला पडदा पूर्णच उघडला. धड, धड-धड, गप्प. धड-धड, गप्प, धड. सबंध गाडी जागच्या जागी हुडहुडी भरल्यासारखी थरथरत होती. बडने टोपी काढली. त्याचे डोळे भरून आले होते.

"ऐका लेको," तो म्हणाला. "काही बोलू नका, नुसतं ऐका."

त्या क्षणी वेंडेलला वाटलं की आपण आयुष्यात पहिल्यांदा काहीतरी केलंय. हमरस्त्यावर तर गाडीने कमाल केली. पन्नासच्या पुढे ती अशी उसळायची की त्याच्या तोंडून आपोआप 'याहू' निघालं, आणि मग त्याने आरशात बघून कुणी ऐकलं नाही ना याची खात्री करून घेतली.

गावात मात्र ती प्रत्येक चौकात बंद पडे. वेंडेल म्हणायचा, अजून रुळायची आहे. मग उत्सव समितीच्या अध्यक्ष मर्ना टफ्ट यांचं नियमांचं पत्रक आलं. मर्नाबाई म्हणजे हातात सदैव कागद अडकवलेली पाटी, गळ्यात शिट्टी, आणि मागच्या वर्षी नगराध्यक्षांनाही रांगेत मागे पाठवलेलं. पत्रकात ठळक अक्षरात लिहिलं होतं: मिरवणुकीत वाहनांचा वेग ताशी तीन मैल.

वेंडेल कुंपणापाशी गेला. "बड, ही हळू चालत नाही."

"हळू?" बडला शब्दच समजेना. "हळू कशाला चालवायची?"

"मिरवणुकीत! सासूबाईंना घेऊन! ताशी तीन मैल!"

"मग तर नाहीच चालायची," बड शांतपणे म्हणाला. "बागेच्या नळीच्या तोंडावर अंगठा ठेवला तर पाणी जोरात जातं, काढला की नुसतं गळतं. तसंच आहे ते. भोकं एवढी मोठी, त्यात इंजिन हळू फिरलं की हवा आत रेंगाळते, पेट्रोल तिच्यात मिसळत नाही, आणि गाडी आचके देते. हळू जायचं होतं तर ती लोखंडी, लहान भोकांची हेडंच झकास होती. स्वस्तही होती."

"हे तू एप्रिलमध्ये का नाही बोललास?"

"चारचौघांत?" बड दुखावला. "चारचौघांत लोखंडी हेडं कुणी सुचवतं का कुणाला? हसतात माणसं."

वेंडेलने घरात जाऊन सासूबाईंना फोन लावला. स्पष्ट सांगून टाकायचं, की आई, तुम्ही ड्यूईबरोबरच जा. पण तो तोंड उघडायच्या आतच लव्हर्नबाई म्हणाल्या, "बरं झालं फोन केलास. पांढरे हातमोजे आणले मी नवे. आणि पत्त्यांच्या क्लबात सगळ्यांना सांगितलंय, यंदा जावयाच्या गाडीतून जाणार. ड्यूई फुगून बसलाय, बसू दे. तू काय म्हणत होतास?"

"काही नाही, आई," वेंडेल म्हणाला. "हातमोज्यांचंच विचारायचं होतं."

मिरवणुकीच्या दिवशी ऊन मी म्हणत होतं. सगळ्यात पुढे माजी सैनिकांची झेंड्याची तुकडी, मग शाळेचा बँड, मग बरीच गर्दी, मग ट्रॅक्टरवर मेथडिस्ट चर्चचं, बायबलमधल्या नोहाचं तारू, त्यात प्राण्यांची सोंगं घेतलेली माणसं, त्यामागे वेंडेल, आणि वेंडेलच्या मागे बँकेची चार घोड्यांची बग्गी. ड्यूई आपली लाल गाडी आणि चौऱ्याहत्तरची राणी घेऊन बग्गीच्याही मागे होता. इम्पालाच्या मागच्या सीटच्या पाठीवर लव्हर्नबाई बसल्या होत्या: निळा पोशाख, खांद्यावरून पट्टा, हातमोजे, डोक्यावर पत्र्याचा सोनेरी मुकुट. खाली सीटवर नोरीन आईचा कमरेचा पट्टा दोन्ही हातांनी घट्ट धरून बसली होती. इंजिनाच्या पहिल्याच धडधडीला बँकेच्या चारही घोड्यांनी मागे जायला सुरुवात केली.

शिट्टी वाजली. वेंडेलने गाडी सोडली. गाडी एक आचका देऊन पुढे गेली, थबकली, शिंकली आणि बंद पडली. लव्हर्नबाई पुढे झुकल्या, मागे गेल्या, आणि हात हलवत राहिल्या. त्याने पुन्हा सुरू केली. पुन्हा आचका. लोकांना आधी वाटलं मुद्दामच करतायत, पोरं ओरडायला लागली, "अजून एकदा! अजून एकदा!" थोड्या वेळाने वेंडेलला एक युक्ती सुचली. तारू बरंच पुढे जाऊ द्यायचं, मग रेस देऊन गाडी सणसणत न्यायची आणि ऐनवेळी ब्रेक दाबायचा. या युक्तीने तारवावरचे दोन जिराफ आणि मिसेस नोहा जीव मुठीत धरून मागे बघत बसले, पण निदान मिरवणूक पुढे सरकत होती.

नळ्या तापल्या, स्टार्टर तापला. दुसऱ्यांदा बंद पडली तेव्हा ती जवळजवळ सुरूच झाली नाही. आणि नेमकं तेव्हाच मुख्य चौकात तारू अडकलं. शिडाचा दांडा उत्सवाच्या कापडी फलकात गुंतला होता. वेंडेल मागून येतच होता. थांबलं तर संपलं, टोचन, ड्यूईचं हसू, नव्या हातमोज्यांसकट सासूबाई रस्त्याच्या मधोमध. त्याने चाक उजवीकडे वळवलं आणि गाडी गल्लीत घातली.

"वेंडेल! कुठे चाललास?" नोरीन किंचाळली.

"एक वळसा मारतो. धान्याच्या गिरणीमागून. परत आपल्या जागी येतो."

गिरणीमागून तो ज्या वेगाने आला त्या वेगाचा त्याला अंदाज नव्हता. गल्लीतून बाहेर पडला तेव्हा समोर तारू नव्हतं. बँड नव्हता. समोर काहीच नव्हतं, नुसता रिकामा मुख्य रस्ता, दोन्ही बाजूंना माणसं, आणि परीक्षकांचा मंडप. झेंड्याची तुकडी मागच्या वळणावर होती. झेंड्याच्या पुढे हार्लन क्रीकमध्ये आजवर कुणीही, कधीही गेलेलं नाही.

मंडपात लाउडस्पीकरवर बोलणाऱ्या गृहस्थांचं नाक हातातल्या कागदात होतं. आवाज कानावर आला, मिरवणुकीचं तोंड आलंय, एवढं त्यांना पुरलं. "सभ्य स्त्रीपुरुषहो," ते भारावून म्हणाले, "कृपया उभे राहा, आणि ज्यांनी देशासाठी सर्वस्व पणाला लावलं, त्यांना मानवंदना द्या!"

सवयीने सगळा रस्ता उभा राहिला. खुर्च्या मागे सरकल्या, टोप्या उतरल्या, उजवे हात छातीवर गेले. आणि त्या गंभीर शांततेतून, धड-धड, गप्प, धड, लव्हर्न ड्रेक्सलर उसळत, आदळत, आल्या. बाई क्षणभर गोंधळल्या. मग त्यांनी हात हलवायचं थांबवलं, मान ताठ केली, आणि डावीकडे एकदा, उजवीकडे एकदा, हलकेच डोकं झुकवून साऱ्या गावाची मानवंदना स्वीकारली. लहान मुलांनीसुद्धा छातीवर हात ठेवले होते. एका म्हाताऱ्याने डोळे पुसले.

शिट्टी ऐकू आली तेव्हा वेंडेल भानावर आला. मर्ना टफ्ट पाटी उगारून रस्त्याच्या मधून धावत येत होत्या आणि त्यांच्यामागून, रांग सोडून, ड्यूईची लाल गाडी. "क्लिंगर! गाडी थांबव! आयुष्यभरासाठी बंदी! ऐकतोयस का, आयुष्यभरासाठी!"

वेंडेलचा पाय ब्रेककडे वळला. त्याला रडू येत होतं, खरंच येत होतं.

"थांबवू नकोस," मागून आवाज आला.

"आई, पण मर्नाबाई..."

"तिला मी डायपरमध्ये पाहिलंय. चल तू पुढे." लव्हर्नबाई पाठीवरून घसरून सीटवर नोरीनशेजारी बसल्या आणि त्यांनी सीटचा पट्टा लावून घेतला.

गाव संपलं. दोन्ही बाजूंना मका, मध्ये सरळ रस्ता. तीसला गाडी आचके देत होती, चाळीसला कमी झाले, आणि पन्नासच्या पुढे इंजिन एकदाचं एका सुरात आलं. वेंडेलला मात्र बोलल्यावाचून राहवेना.

"आई, माझं चुकलं. हेडं चुकीची निवडली मी. हळू चालणारी घ्यायला हवी होती. तुमची मिरवणूक घालवली."

"हळू?" वाऱ्यामुळे त्यांना ओरडावं लागत होतं. "साठ वर्षं मी हळूच जातेय रे! कधी ट्रॅक्टरच्या मागे, कधी घोड्यांच्या. सबंध रस्ता शेण चुकवत. ड्यूईच्या गाडीत तर मला झोप लागायची. ही आणखी जोरात जाते का?"

"जाते, पण—"

"मग काय माझ्या परवानगीला थांबलायस?"

वेंडेलने पाय दाबला. इम्पाला उसळली, नोरीनने दोन्ही डोळे मिटून घेतले, आणि लव्हर्नबाईंच्या डोक्यावरचा मुकुट वर उडाला, उन्हात एकदा चमकला आणि मागे रस्त्यावर ठणठणत गेला.

"आई, मुकुट! समितीचा आहे तो!" वेंडेल ओरडला. "थांबवू का?"

"थांबवलीस तर परत सुरू होईल?"

"सांगता येत नाही."

"मग राहू दे," लव्हर्नबाई म्हणाल्या आणि वळूनसुद्धा बघितलं नाही. "ड्यूई येतोय मागून, तो उचलेल."